पोस्ट गायब झाली, पण ऑर्डर कुणी काढली तेच कळेना

अर्धविराम:

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल पदरात घ्या.

माझी धाकटी बहीण व्यंगचित्रं काढते, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. तिचं एक छोटंसं पेज आहे, अडीचेक हजार फॉलोअर असतील, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेलं पेज. दोन महिन्यांपूर्वी तिने एक चित्र टाकलं, मंत्रीसाहेब पुलाची फीत कापतायत आणि फितीच्या मागे पूलच नाही, नुसती नदी. नाव कुणाचं नाही, चेहरा कुणासारखा नाही. तीन आठवडे काही झालं नाही, मग एके दिवशी मेसेज आला की स्थानिक कायद्यानुसार आलेल्या मागणीमुळे हा मजकूर तुमच्या देशात दाखवला जाणार नाही. बास, एवढंच. कुठला कायदा, कुठलं कलम, मागणी कुणी केली, पोलिसांनी की मंत्रालयाने की आणखी कुणी, चित्रात नेमकं काय खटकलं, एक अक्षर नाही. खाली अपील करायचं बटण होतं, ते दाबलं तर चार मिनिटांत उत्तर, "पुनरावलोकन पूर्ण झाले, निर्णय कायम". चार मिनिटांत कुणी पाहिलं असेल ते चित्र?

आम्ही कुठल्या देशात राहतो ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात काहीतरी असल्याशिवाय सरकार कशाला हात लावेल, आपण चुकीचं करत नसू तर घाबरायचं कशाला. खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी मी पण हेच म्हणालो असतो, नेटवर जी घाण चालते ती बघून मीच म्हणायचो की सरकारने जरा दांडा हातात घ्यावा. आता दांडा आपल्याच घरात आला तर कळेना झालंय की मी उगाच कांगावा करतोय की खरंच काही गडबड आहे. दाद मागायची तर कुणाकडे?

---

कलम_कसाई:

वकिली करतो, पण देश माहीत नसताना सल्ला देणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं, तेव्हा हे सगळं मोघम समजा.

मेसेजमधले शब्द नीट वाचा, "तुमच्या देशात दाखवला जाणार नाही". म्हणजे चित्र काढून टाकलेलं नाही, फक्त तुमच्या देशापुरता पडदा ओढलाय. परदेशातल्या कुणाला तरी लिंक पाठवून बघा, बहुतेक दिसेल. दिसलं तर अर्थ असा की कंपनीच्या स्वतःच्या नियमात ते चित्र बसतंय, तिला काही अडचण नव्हती, बाहेरून कुणीतरी सांगितलं म्हणून हे झालं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता "बाहेरून सांगितलं" यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि कंपन्या तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळतात. एक तर कोर्टाचा हुकूम. दुसरं, कायद्याने अधिकार दिलेल्या खात्याची रीतसर ऑर्डर. आणि तिसरं म्हणजे कुठल्यातरी अधिकाऱ्याची ईमेल, "हे जरा बघता का", जिच्यामागे कायदा असेलच असं नाही. पहिल्या दोन्हीवर भांडता येतं, कारण कागद असतो. तिसऱ्यावर भांडणार कसं, सरकार म्हणणार आम्ही फक्त कळवलं, कंपनी म्हणणार आम्ही आमच्या मर्जीने केलं.

आणि कंपनी इतक्या पटकन मान का तुकवते तेही समजून घ्या. बऱ्याच देशांत कायदा असा आहे की लोकांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाही, पण बेकायदा मजकुराची कल्पना दिल्यावरही ठेवला तर मात्र ते कवच जातं. आता कंपनीच्या जागी बसून हिशोब करा. चित्र ठेवलं तर दंड, खटला, तिथल्या कर्मचाऱ्यांवर केस. काढलं तर काय, तुमची बहीण चिडेल. संपलं. जर्मनीने २०१७ साली कायदा केला, उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढा, नाहीतर दंड ५ कोटी युरोपर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये तो पूर्ण लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात टायटॅनिक नावाच्या उपहासाच्या मासिकाचं ट्विटर अकाउंट बंद झालं, कारण त्यांनी एका राजकारणी बाईंची नक्कल केली होती आणि ती नक्कल कुणाच्या लक्षातच आली नाही. कायद्याचा हेतू द्वेष थांबवण्याचा होता हो, वाईट नव्हता. फ्रान्सने तसाच कायदा २०२० मध्ये केला तर तिथल्या घटना परिषदेने त्यातला २४ तासांवाला मुख्य भागच रद्द केला, का तर एवढ्या कमी वेळात आणि एवढ्या मोठ्या दंडाखाली कंपन्या कायदेशीर मजकूर पण उडवत बसतील.

तुमच्या बाबांना सांगा की "चूक असेल तर" हा प्रश्न नंतरचा. चूक आहे की नाही हे ठरवलं कुणी, कधी आणि कुठल्या नियमाखाली, ते आधी दाखवा.

---

खडूस काकू:

मी इथे उलटी बाजू मांडणार, शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

स्वातंत्र्य स्वातंत्र्य करणाऱ्यांनी कधी दुसऱ्या बाजूला उभं राहून बघितलंय का? आमच्या नात्यातल्या एका मुलीचे फोटो कुणीतरी जोडतोड करून फिरवले. पोलिसात गेलो, कंपनीला लिहिलं, प्रत्येक ठिकाणी "तक्रार नोंदवली आहे". नऊ दिवस लागले उतरवायला. नऊ दिवस ती पोर खोलीच्या बाहेर आली नाही. तेव्हा मला कुणी अभिव्यक्तीचं महत्त्व सांगितलं असतं ना तर मी हातातलं भांडं फेकून मारलं असतं. अमेरिकेसारख्या देशात, जिथे सरकारने बोलण्यात लुडबूड केलेली अजिबात खपत नाही, तिथेही २०२५ मध्ये कायदा करावा लागला की असे फोटो कळवल्यापासून ४८ तासांत काढा.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारली गेली, तो माणूस थेट प्रक्षेपण करत होता, पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध काय काय पसरवलं गेलं, आणि आपण पुरेसं काही केलं नाही हे कंपनीने स्वतःच २०१८ मध्ये कबूल केलं, तोवर लाखो लोक घरदार सोडून पळाले होते. कंपन्यांच्या भरवशावर सोडायचं असेल तर हे बघा त्यांचं कर्तृत्व. मग सरकारने नाही तर कुणी करायचं? व्यंगचित्रं दोन कमी दिसली तर जग बुडत नाही.

---

बिनकामाचा:

काकू, जग बुडत नाही हे खरं, पण त्या चित्रात पूलच नाहीये, तेव्हा मंत्रीसाहेब नक्की बुडणार

(पळतो)

---

टिंब_टिंब:

काकू, भांडं फेकण्याआधी ऐका, मी तुमच्या बाजूचाच आहे अर्ध्यापर्यंत. तुमच्या उदाहरणात गुन्हा काय ते एका ओळीत सांगता येतं, संमतीशिवाय फोटो. पीडित कोण ते माहीत आहे, नुकसान दिसतंय, कायदा नेमका लिहिता येतो. त्याला माझा पाठिंबाच आहे, ४८ कशाला, २४ तास करा. लोच्या तेव्हा होतो जेव्हा तीच घाई, तेच अधिकार "आक्षेपार्ह", "त्रासदायक", "दिशाभूल करणारं" असल्या शब्दांना लावतात, कारण हे शब्द रबरासारखे, ओढू तेवढे लांबतात.

भारतातल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ आठवतंय ना सगळ्यांना. त्यात त्रास, गैरसोय असे शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गैरसोय! २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना अटक झाली, एकीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं आणि दुसरीने ते नुसतं लाइक केलं म्हणून. मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केलं. आणि आता खरी गंमत, २०२१ मध्ये त्याच कोर्टासमोर आलं की रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतायत. सहा वर्षांनी! न्यायाधीशांनाही धक्का बसला. म्हणजे कायदा मेला तरी त्याची सवय ठाण्यात जिवंत राहते, हे मला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भीतिदायक वाटतं.

इंग्लंडचं पण बघा. २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला, एका वैतागलेल्या माणसाने ट्विट केलं की लवकर चालू करा नाहीतर उडवून देईन, साधा वैताग, आपण रोज बोलतो तसा. त्याला दोषी ठरवलं, दंड झाला, नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडला, पण अडीच वर्षं गेली ना. आणि ज्या कलमाखाली पकडला त्याचं मूळ कुठे, तर १९३५ च्या पोस्टाच्या कायद्यात, टेलिफोन एक्स्चेंजवरच्या बायकांना फोनवर शिवीगाळ व्हायची म्हणून केलेली तरतूद. चांगल्या कामासाठीच केलेली. ७५ वर्षांनी ती एका विनोदाच्या मानगुटीवर बसली.

तेव्हा काकू, सरकारने करूच नये असं मी म्हणत नाही, पण आज जे सरकार तुम्हाला आवडतं त्याच्या हातात द्याल तो दांडा उद्या नावडत्या सरकारच्या हातात जाणार, आपण दांडा देताना हातच बघतो फक्त.

---

खडूस काकू:

लेख छान लिहिलात, पण नऊ दिवसांचं उत्तर मिळालं नाही. पोलीस व्यंगचित्रांच्या मागे लागतात आणि आमच्या तक्रारीला वेळ नसतो, हे तुमच्याच मुद्द्यात बसतं खरं म्हणजे. ते लिहायला हवं होतं तुम्ही.

---

टिंब_टिंब:

काकू __/\__ हे मला सुचायला हवं होतं. खरंय.

---

जुनी टायपिस्ट:

अवांतर वाटेल पण अवांतर नाही. वर कुणी काढलं नाही म्हणून लिहिते, आता पोस्ट काढण्यापेक्षा मोठी गोष्ट चालू आहे, ती म्हणजे लिहिणारा कोण ते आधी सांगा. वयाचा पुरावा द्या, ओळखपत्र द्या, चेहरा स्कॅन करा. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून वयाची तपासणी लागू झाली, ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट नाही. मुलांसाठी म्हणून, आणि मुलांची काळजी मलाही आहे, नातवंडं आहेत मला. पण मुलं ओळखायची तर मोठ्यांनाही आपण मोठे आहोत हे सिद्ध करावं लागणार ना, दारावरचा माणूस सगळ्यांचीच पिशवी उघडून बघतो. आणि ती कागदपत्रं जातात कुठे? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की वयाच्या संदर्भात लोकांनी पाठवलेल्या ओळखपत्रांचे सुमारे ७० हजार फोटो एका बाहेरच्या ठेकेदाराकडून फुटले असू शकतात.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग आधीच करून झालाय म्हणून सांगते. २००७ मध्ये नियम केला, मोठ्या वेबसाइटवर प्रतिक्रिया लिहायची तर खरी ओळख पटवा, म्हणजे शिवीगाळ कमी होईल. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या साइटवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला, म्हणाले वाईट मजकूर लक्षात येण्याइतका कमी झाल्याचं दिसत नाही, लोक परदेशी साइटवर गेले ते वेगळंच. पाच वर्षं देशाने सगळ्यांची ओळखपत्रं गोळा केली आणि शिव्या तिथेच.

मी इथे टोपणनावाने लिहिते कारण नोकरीत असताना ऑफिसातल्या गोष्टी लिहायचे. खरं नाव लागलं असतं तर एक ओळ लिहिली नसती. अर्धविराम, बहिणीचं पेज खऱ्या नावाने आहे का?

---

अर्धविराम:

हो आजी, खऱ्या नावाने आहे. आता तेच बोलून दाखवते ती.

कलम_कसाई साहेब, परदेशातल्या मित्राकडून बघून घेतलं, चित्र दिसतंय तिकडे, व्यवस्थित. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. आता "मागणी" कोर्टाची की ईमेल हे शोधायचं कसं? आणि काकू, तुमचं वाचून मला माझीच लाज वाटली थोडी, मी नुसता माझ्या घरचा विचार करत होतो.

---

कलम_कसाई:

लेखी विचारा. कंपनीला, आणि ज्या खात्याने केलं असेल असं वाटतं त्यालाही, तुमच्याकडे माहिती अधिकारासारखा कायदा असेल तर त्याखाली. तीनच गोष्टी मागा: ऑर्डरची प्रत, कुठलं कलम, आणि कुणाच्या सहीने. बहुतेक वेळा "गोपनीय" असं उत्तर येईल. येऊ द्या, नकार लेखी आला की तोही कागदच.

यावर कोर्टं अगदीच मुकी नाहीत. भारतात हुंड्याची टिंगल करणारी एक साइट होती, तुमची "किंमत" किती ते मोजून द्यायची, उपहास स्पष्ट होता. २०१८ मध्ये ती ब्लॉक झाली, चालवणाऱ्याला ना नोटीस ना ऑर्डर. तो कोर्टात गेला, आणि मे २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारला सांगितलं की ऑर्डरची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. कुठली ऑर्डर हे कळायला चार वर्षं. काश्मीरच्या इंटरनेटबंदीवर जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं होतं, बंदीचे आदेश प्रसिद्ध करा आणि बेमुदत बंदी चालणार नाही. युरोपात तर हे कायद्यातच घातलंय, फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यात मजकुराविरुद्धच्या सरकारी आदेशात कायद्याचा आधार, कारण, आदेश देणारं खातं कुठलं आणि दाद कुठे मागायची हे असलंच पाहिजे आणि ते लिहिणाऱ्याला कळवायचं. अंमलबजावणी कशी होते तो वेगळा विषय, पण निदान कागद मागायचा हक्क लिहून ठेवलाय. सिंगापूरची तऱ्हा बघा मग, तिथे २०१९ च्या कायद्याखाली मंत्री स्वतः ठरवतात की अमुक विधान खोटं आहे आणि दुरुस्ती लावा, कोर्टात जायचं तर आधी त्याच मंत्र्यांकडे अर्ज करायचा की कृपया आदेश मागे घ्या. ज्याने मारलं त्यालाच विचारायचं की मारलंत का.

ईमेलवाल्या प्रकाराबद्दल अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, दोन्ही २०२४ च्या उन्हाळ्यातले. मे महिन्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने म्हटलं की न्यूयॉर्कच्या अधिकारी बाईंनी विमा कंपन्यांवर दबाव टाकून बंदूकवाल्यांच्या संघटनेशी व्यवहार तोडायला लावला असेल तर ते घटनाबाह्य आहे, जे सरकार थेट करू शकत नाही ते दुसऱ्याच्या हाताने पण करू शकत नाही. आणि पुढच्याच महिन्यात सरकारने पोस्ट काढायला सोशल मीडिया कंपन्यांवर दबाव टाकल्याचं प्रकरण आलं तर ६ विरुद्ध ३ ने तक्रारदारांना सांगितलं की तुमचं नुकसान नेमकं याच अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून झालं हे तुम्ही दाखवलं नाही, त्यामुळे खटला चालवायचा हक्कच नाही. तत्त्व तुमच्या बाजूने, पण पुरावा असतो त्यांच्या इनबॉक्समध्ये, म्हणून म्हणतो, कागद.

---

बिनकामाचा:

मी आपला विनोदी प्रतिसाद देऊन गेलो होतो, आता गंभीर एक. तुर्कस्तानने एप्रिल २०१७ ते जानेवारी २०२० पर्यंत अख्खा विकिपीडिया बंद ठेवला होता, दोन-चार लेखांवरून. घटना न्यायालयाने शेवटी हक्काचं उल्लंघन झालं म्हणून उघडला. पावणेतीन वर्षांत शाळेत गेलेली पोरं विकिपीडियाशिवाय पास झाली असतील. तिथे कोर्ट जिंकलं असं म्हणायचं का, मला खरंच कळत नाही.

---

खडूस काकू:

अर्धविराम, लाज कसली त्यात. एक विचारायचं राहिलं, ती चित्रं काढतेय ना अजून?

---

अर्धविराम:

काकू, तेच लिहायला आलो होतो. पत्रं पाठवली दोन्हीकडे, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तीनच गोष्टी मागितल्या. कंपनीकडून ठरावीक छापील उत्तर आलं, खात्याकडून अजून काही नाही.

पण काल सहज तिचं पेज उघडलं तर आणखी चार चित्रं दिसेनात. मी म्हटलं आता हे कुणी ब्लॉक केलं, मित्राला विचारलं तर त्याला पण दिसेनात. मग तिला विचारलं तर म्हणाली मीच काढली. कुणी सांगितलं का, तर नाही. मेसेज आला का, तर नाही. मग का, तर म्हणाली उगाच कशाला. त्यातलं एक तर मांजराचं होतं हो, पोलिसाची टोपी घालून झोपलेलं मांजर. बाबा बाजूलाच बसले होते, एरवी लगेच बोलतात, काल गप्प बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले ते मांजराचं चांगलं होतं.

---

जुनी टायपिस्ट:

मूळ चित्रं कागदावर आहेत की नुसती कॉम्प्युटरवर?

---

अर्धविराम:

कागदावर आहेत आजी. बाबांनी मांजराचं मागून घेतलं आज सकाळी, फ्रेम करायची म्हणतायत.